काचेमागची झोप

सुज्ञ वाचक बंधू-भगिनींनो, प्रारंभीच आपणांस नम्रपणे कळवतो की, पुढील कथेत ना कोणी चोर आहे, ना कोणी दुष्ट. यात भाऊ भावावर जीव टाकतो, पत्नी पतीची काळजी वाहते आणि गिऱ्हाईकसुद्धा हसतमुखाने येते-जाते. तरीही या साऱ्या भल्या माणसांच्या मधोमध, दिवसाउजेडी, एक अनर्थ घडला. त्याच्या खुणा सर्वांच्या डोळ्यांसमोर होत्या आणि तरीही कोणाला दिसल्या नाहीत. हे सारे जसे घडले तसे मी आपणांपुढे मांडणार आहे. वाचताना एखाद्या ठिकाणी आपणांस हसू येईल. हसावे. त्या घरातील माणसेही हसली होती.

बाजाराच्या रस्त्याला, औषधांचे दुकान आणि चष्म्यांचे दुकान यांच्यामध्ये, गाद्यांचे एक दुकान होते. पुढे काचेची भली मोठी दर्शनी खिडकी, आत विक्रीची खोली आणि मागच्या अंगाला शिवणकामाचा कारखाना. दुकान दोन भावांचे. थोरला पुढे बसे, धाकटा मागे. थोरल्याच्या जिभेवर साखर होती, तर धाकट्याच्या बोटांत कसब होते. खोळीत कापूस सारखा पसरून, दाभणात जाड दोरा ओवून तो गादीला असे टाके घाली की, वर्षानुवर्षे लोळूनही गादीत खड्डा पडत नसे. चाळिशी नुकतीच ओलांडलेला, अंगाने भरदार, मान आखूड आणि जाड, चेहरा लहान मुलासारखा गोल. स्वभावाने असा गरीब की, गिऱ्हाइकाने चुकीचे माप दिले तरी हाच म्हणायचा, "माझीच चूक झाली असेल."

या धाकट्याला साऱ्या बाजारात एकच नाव होते, डाराडूर. कारण तो घोरत असे, आणि असातसा नव्हे. त्याचे घोरणे हा त्या घरातला करमणुकीचा कार्यक्रम झाला होता. दोन्ही भावांचे बिऱ्हाड एकाच घरात. थोरल्याची बायको पाहुण्यांना सांगे, "आमच्याकडे चोर यायचा नाही हो. दारापाशी आला तर त्याला वाटेल, आत वाघ बांधलाय." वरच्या मजल्यावरचे शेजारी जिन्यात भेटले की विचारत, "काय हो, रात्री ट्रक कुठे उभा केला होता?" त्यावर थोरला अभिमानाने सांगे, "अहो, आमच्या गादीवर ट्रकलासुद्धा झोप लागते." आणि धाकटा स्वतः सर्वांत मोठ्याने हसे.

दिवसासुद्धा त्याला कुठेही झोप लागे. जेवणाच्या ताटावर, न्हाव्याच्या खुर्चीत, एकदा तर दाभण हातात असतानाच. दाभण अंगठ्यात रुतले तेव्हा तो जागा झाला. लोक म्हणत, "भाग्यवान आहे लेकाचा. आम्हाला गोळ्या घेऊन झोप येत नाही."

एके दिवशी दुपारी दर्शनी खिडकीतल्या गादीची सुटलेली कड शिवायला तो काचेमागे शिरला आणि शिवता शिवता तिथेच आडवा झाला. रस्त्यावरून जाणारे एक नवविवाहित जोडपे थांबले, पाहून पोट धरून हसले आणि आत येऊन तीच गादी घेऊन गेले. थोरल्याच्या डोक्यात वीज चमकली. दुसऱ्या दिवसापासून त्याने रोज जेवणानंतर भावाला काचेमागे नव्या गादीवर निजवायला सुरुवात केली. रंगाऱ्याने काचेवर सुबक अक्षरांत पाटी रंगवली: "पाठ टेकताच झोप." धाकट्याला कुशीवर वळण्याची सवय होती, पण थोरला त्याला म्हणाला, "उताणा झोप रे. कुशीवर वळलास की लोकांना तुझी पाठच दिसते. तोंडावरचं समाधान दिसायला नको का?"

"दादा, उताणं झोपलं की मला गुदमरल्यासारखं होतं."

"होतं कधी? पडल्या पडल्या तर घोरतोस."

दादाच्या शब्दापुढे उत्तर शोधण्याची धाकट्याला सवय नव्हती.

आता वाचकांनी क्षणभर त्या घराच्या आतल्या खोलीत यावे. धाकट्याची बायको जे ऐकत होती ते बाजाराने ऐकले नव्हते. बाजार घोरणे ऐकत होता, ती घोरणे थांबल्यावरचे ऐकत होती. घोरता घोरता आवाज एकाएकी तुटे. छाती वर-खाली होत राही, पण नाकातोंडातून वारा येत नसे. मग बुडणारा माणूस पाण्यावर यावा तसा तो मोठा आचका देऊन श्वास घेई आणि पुन्हा घोरू लागे. ती त्याला हलवून कुशीवर वळवी. त्याने पुन्हा उताणे होऊ नये म्हणून तिने एक लांब, टणक लोड शिवून त्याच्या पाठीशी लावला होता. परंतु या आवाजात त्यांच्या लहान मुलीला झोप लागेना. तेव्हा थोरली जाऊ म्हणाली, "तू लेकीला घेऊन पलीकडच्या खोलीत झोप की. तोही सुखाने घोरेल, तूही सुखाने झोपशील." सल्ला शहाणपणाचा वाटला. तो तिने मानला आणि त्या दिवसापासून रात्री त्याला हलवणारा हात राहिला नाही.

"अहो, उठा. चहा गार झाला," सकाळी ती दारातून हाक मारी.

धाकटा पलंगाच्या कडेला डोके धरून बसलेला असे. "डोकं नुसतं ठणकतंय गं. तोंडाला तर अशी कोरड, जणू कापूस चघळलाय."

"रात्रभर झोपलात की मस्त."

"झोपलो? तीनदा-चारदा तर लघवीला उठलो. मला वाटतं, मी रात्रभर कुठेतरी ओझं वाहत असतो, आणि सकाळी ते उतरवायला जागा सापडत नाही."

दुसरीत शिकणारी मुलगी दप्तर भरता भरता म्हणाली, "बाबा, सगळी माणसं दमली की झोपतात. तुम्ही झोपून दमता का?"

तिघेही हसले. त्या घरात त्या वर्षी बोलले गेलेले ते सर्वांत खरे वाक्य होते आणि ते विनोद म्हणून वाऱ्यावर गेले.

पुढे पुढे त्याचा स्वभावही बदलला. ज्याने कधी मुंगीला दुखावले नाही, तो माणूस बटणांचा डबा सांडला म्हणून लेकीवर असा ओरडला की पोर पलंगाखाली जाऊन बसली. मग तोच तिच्याजवळ जमिनीवर बसून रडला. मापे विसरू लागला. एका गिऱ्हाइकाची गादी दुसऱ्याच्या घरी पाठवली. थोरला म्हणे, "वजन वाढलंय, बाकी काही नाही. गोड कमी खा." सगळे म्हणत, वय झाले. बेचाळिसाव्या वर्षी!

अशातच एके दुपारी एक प्रौढ बाई दुकानात आल्या. आयुष्यभर इस्पितळात परिचारिका म्हणून राबून त्या निवृत्त झाल्या होत्या. पाठदुखीसाठी त्यांना कडक गादी हवी होती. थोरला एकेक गादी दाबून दाखवत होता, पण बाईंचे लक्ष गादीवर नव्हते. त्या खिडकीकडे कान देऊन उभ्या होत्या.

"यांना उठवा," त्या म्हणाल्या.

"अहो बाई, झोपलेल्याला उठवू नये, पाप लागतं," थोरला हसून म्हणाला. "ती गादीची करामत आहे. हवी असेल तर हीच देतो, माणूस मात्र मिळणार नाही."

बाई हसल्या नाहीत. त्या सरळ काचेमागे गेल्या आणि त्यांनी धाकट्याचा खांदा धरून गदागदा हलवला. तो आचका देऊन उठून बसला. डोळे लाल, कपाळाला घाम.

"सकाळी डोकं दुखतं?"

"हो."

"तोंड कोरडं पडतं? रात्री सारखं लघवीला उठता? दिवसा बसल्या जागी डोळा लागतो?"

धाकटा भावाकडे पाहू लागला. "दादा, यांना माझं सगळं कोणी सांगितलं?"

"तुमच्या या जाड मानेनं सांगितलं," बाई म्हणाल्या. "आणि तुमच्या श्वासानं. तो आत्ता थांबला होता. एकदा नाही, मी उभी असताना पुन्हा पुन्हा थांबला. हे दुखणं आहे, बाळा. याला स्लीप ॲप्निया म्हणतात."

थोरल्याने खुर्ची पुढे केली, पण त्याच्या स्वरात गिऱ्हाइकासाठी राखून ठेवलेली साखर उरली नव्हती. "बाई, घोरणं म्हणजे गाढ झोप. हे काय आम्हाला कळत नाही? आमचा धंदाच झोपेचा."

"तुमचा धंदा गाद्यांचा. झोपेचा नाही." बाई शांतपणे बसल्या. "असं बघा, झाडांना पाणी घालायची रबरी नळी असते. तिच्यावर कोणी पाय ठेवला तर नळ चालू असूनही पाणी येत नाही. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काही माणसांत ते इतके सैल पडतात की श्वासाची वाट बंद होते. छाती ओढत राहते, पण हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरतो. मग मेंदू घाबरतो आणि माणसाला अर्धवट जागं करतो. माणसाला ते आठवतसुद्धा नाही. रात्रभर हेच चालतं. हा दिवसा झोपतो तो सुखानं नाही, रात्री झोपच झालेली नसते म्हणून."

"बरं, मग काय होतं त्यानं?"

"रक्तदाब वाढतो. हृदयावर ताण येतो, ठोके बिघडतात. पक्षाघात होऊ शकतो, साखर वाढते. गाडी चालवताना डोळा लागला तर आपण जातोच, समोरच्यालाही नेतो." मग धाकट्याकडे वळून त्या म्हणाल्या, "घाबरू नका. याची तपासणी असते, उपाय आहे, आणि उपायानं माणसं अगदी बरी राहतात. पण हसण्यावारी नेऊ नका. मी डॉक्टर नाही, म्हणून डॉक्टरांकडे जा असं सांगतेय."

थोरला म्हणाला, "आमचे वडीलही असेच घोरायचे. काही झालं नाही त्यांना."

"कशानं गेले ते?"

"झोपेतच गेले. रात्री निजले ते सकाळी उठलेच नाहीत. सगळे म्हणाले, काय पुण्यवान मरण! कळलंसुद्धा नाही."

"वय काय होतं?"

वडिलांनी पन्नाशीही पाहिली नव्हती.

बाईंनी गादी घेतली नाही. त्या गेल्यावर थोरला शेजारच्या चष्मेवाल्याला म्हणाला, "बरं झालं, तुझ्याकडे नाही आली. तुझ्या सगळ्या गिऱ्हाइकांना आंधळं ठरवून गेली असती." दोघे हसले. परंतु धाकटा या वेळी हसला नाही.

त्याने घरी ही हकिकत गंमत म्हणूनच सांगायला घेतली, पण बायकोच्या हातातली कपड्यांची घडी अर्धीच राहिली. "श्वास थांबतो, असं म्हणाल्या त्या? अहो, तो थांबतो. मी ऐकलाय. मला वाटायचं, घोरणाऱ्यांचं असंच असतं." दुसऱ्याच दिवशी ती त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, तो पुष्कळ वाढलेला होता. छातीला नळी लावून त्यांनी बराच वेळ ऐकले, ठोके नियमित नव्हते. त्यांनी रक्तदाबाची गोळी दिली, घोरणाऱ्याने दारू किंवा झोपेची गोळी घेऊ नये हे बजावले, कुशीवर झोपायला सांगितले आणि एक रात्र इस्पितळात राहून झोपेची तपासणी करून घ्यायची तारीख ठरवून दिली. "ही तारीख चुकवू नका," ते म्हणाले.

हे सारे ऐकून थोरल्याचा चेहरा उतरला. त्याला भाऊ प्रिय नव्हता असे कोणी समजू नये. वडील गेल्यावर यानेच धाकट्याला हाताला धरून टाका शिकवला होता, त्याच्या लग्नात हाच सर्वांत जास्त नाचला होता. परंतु ज्या दिवशी तपासणी, त्याच्या दुसऱ्याच दिवशी एका मोठ्या हॉटेलचे व्यवस्थापक साऱ्या खोल्यांसाठी गाद्या पाहायला येणार होते. नमुन्याची गादी अजून शिवायची होती, आणि तसा टाका धाकट्याशिवाय कोणाला येत नव्हता. शिवाय व्यवस्थापकांनी काचेमागच्या झोपेची ख्याती ऐकून मुद्दाम म्हटले होते, "तुमचा तो झोपणारा माणूस बघायचाय."

"चार दिवस पुढं ढकलू," थोरला म्हणाला. "तपासणी कुठं पळून जातेय?"

धाकट्याची बायको सहसा दिरासमोर मान वर करून बोलत नसे. त्या दिवशी बोलली. "भाऊजी, तारीख बदलू नका. डॉक्टर म्हणालेत."

"अगं, इतकी वर्षं घोरतोय, चार दिवसांत काय होतंय? माझा भाऊ आहे तो. मला काय त्याची काळजी नाही?"

"काळजी आहे म्हणूनच सांगते."

धाकटा दोघांच्या मध्ये उभा होता, शाळेत दोन गुरुजी भांडताना पोराने उभे राहावे तसा. शेवटी तो बायकोला म्हणाला, "दादाचा शब्द गेलाय गं. एवढं एक होऊ दे. मग तू म्हणशील तिथे झोपायला येतो."

ती गप्प बसली. तिचे ते गप्प बसणे पुढे तिला जन्मभर बोलत राहिले.

नमुन्याची गादी शिवायला रात्र जागावी लागली. सकाळी तिची खोळ ताणून बसवली तेव्हा धाकट्याचे डोळे सुजले होते, पण काम असे देखणे झाले होते की थोरल्याने त्याच्या पाठीवर थाप मारली. "तुझ्या हातात सोनं आहे, डाराडूर."

व्यवस्थापक आले. नीटनेटके गृहस्थ. त्यांनी गादी दाबून पाहिली, कडा पाहिल्या. थोरल्याने भावाला खूण केली. धाकटा काचेमागे गादीवर आडवा झाला, उताणा, हात पोटावर ठेवून. पापणी लवते न लवते तोच तो घोरू लागला.

व्यवस्थापक हसले. "वा! पण आवाज फार आहे हो. आमच्याकडे शेजारच्या खोलीतला पाहुणा तक्रार करील."

"जरा थांबा साहेब. गादी अंगाला बसली की आवाजही बसतो."

दोघे उभे राहिले. घोरणे चढत गेले, अडखळले, पुन्हा चढले आणि मग थांबले.

थोरल्याने बोट वर केले. "ऐकलंत? काही ऐकू येतंय? काही नाही. याला म्हणतात शांत झोप."

व्यवस्थापकांनी समाधानाने मान डोलावली. त्या दोघा भल्या माणसांनी, झोपलेल्याची झोप मोडू नये म्हणून, आवाज खाली केले. थोरला चवड्यांवर चालत जाऊन पंखा जरा हळू करून आला. मग ते दोघे कारखान्यात गेले. तिथे टाका कसा पडतो, कापूस कुठून येतो, हे बोलणे झाले आणि व्यवहार पक्का झाला.

थोरला आनंदाने परत आला. काचेच्या पलीकडे, रस्त्यावर, पिशव्या घेतलेल्या दोन बायका थांबून धाकट्याकडे पाहत कौतुकाने हसत होत्या.

"ऊठ रे, काम झालं. उद्याच तुझी तपासणी करून घेऊ, मी स्वतः येतो," असे म्हणत त्याने भावाच्या कपाळावर हात ठेवला.

वाचकहो! भावाचे ओठ निळे पडले होते.

तो ओरडला, हलवत राहिला, छाती चोळत राहिला. व्यवस्थापकांनी फोन केला, गाडी आली, इस्पितळ झाले. इस्पितळात डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरच सारे लिहिलेले होते. "हृदय बंद पडलं. आधीच थकलेलं होतं ते. नेमकं कुठल्या क्षणी बंद पडलं हे आता कोणालाच सांगता येणार नाही. आवाज थांबल्याबरोबर कोणी हलवलं असतं तर..."

"पण तो शांत झोपला होता हो," थोरला म्हणाला. "मी स्वतः उभा होतो. अगदी शांत."

धाकट्याची बायको धावत आली, पायात वहाणाही नव्हत्या. तिने हंबरडा फोडला नाही. थोरल्यासमोर उभी राहून तिने एवढेच विचारले, "उताणे होते?"

थोरल्याने मान खाली घातली. तिला उत्तर मिळाले.

त्यानंतर दुकान उघडले नाही. थोरल्याने काचेवरची पाटी नखांनी खरवडून काढली, बोटे रक्ताळली तरी थांबेना. तो जेवेना, कोणाशी बोलेना. समाचाराला येणारा जो तो, मन हलके करावे म्हणून, तेच वाक्य बोले: "झोपेत गेला. पुण्यवान हो. काही कळलं नसेल." आणि प्रत्येक वेळी थोरला असा पाही, जणू कोणी त्याच्या तोंडात मारली आहे.

एके दिवशी त्या परिचारिका बाई आल्या. त्यांनी बाजारात ऐकले होते. "मी सांगितलं होतं" हे वाक्य त्या उच्चारणार असे समजून थोरला आपणहून म्हणाला, "बोला बाई. मी माझ्या भावाला मारलं. वरून पंखा हळू केला, त्याला त्रास नको म्हणून."

"असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे," बाई म्हणाल्या. "तुम्ही मारलं नाही. तुम्हाला ठाऊक नव्हतं, आणि कोणी सांगितलं तेव्हा खरं वाटलं नाही. शंभरातले नव्वद लोक तेच करतात. मी दुसरंच विचारायला आलेय. तुम्ही कसे झोपता?"

दारात उभी असलेली थोरल्याची बायको चाचरत म्हणाली, "हे पण घोरतात. आणि... थांबतात. मला वाटायचं, घराण्याची रीतच आहे."

"घराण्यात असू शकतं हे. जबड्याची ठेवण, मानेची ठेवण रक्तातून येते. तपासणी करा."

"मला नाही करायची," थोरला म्हणाला. "ज्याची व्हायची त्याची राहिली. आता मी गेलो काय आणि राहिलो काय."

तेव्हा आतून धाकट्याची बायको आली. त्या दिवसापासून ती दिराशी एक शब्दही बोलली नव्हती. सगळ्यांना वाटले, आता ही साठवलेले सगळे बोलणार. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि हळू आवाजात बोलली.

"भाऊजी, माझ्या मनात तुमच्याबद्दल राग आहे. नाही असं खोटं सांगणार नाही. पण लग्न झालं त्या वर्षी मी माहेरी गेले होते, तेव्हा सगळ्या बहिणींना जमवून यांच्या घोरण्याची नक्कल करून दाखवली होती. आधी आवाज चढवायचा, मग एकदम थांबायचं, मग असा मोठा आचका. त्या थांबण्यालाच सगळ्यात जास्त हशा पिकला होता. म्हणजे मला ते तेव्हापासून ठाऊक होतं, भाऊजी. मी त्याची नक्कल करत होते. तुम्ही एकटे नाही हसलात. आम्ही सगळे हसलो. आता तुम्हीही तसेच गेलात, तर माझ्या पोरीला तिचे बाबा कसे गेले हे कोण सांगणार? मी सांगितलं तर ती तुमचा द्वेष करील. तुम्हीच सांगा तिला. त्यासाठी तरी जगा."

थोरल्याने प्रथमच, सर्वांदेखत, मोठ्याने रडून घेतले.

तो तपासणीला गेला. अंगाला तारा लावून, बोटाला चिमटा लावून एक रात्र इस्पितळात झोपला. सकाळी डॉक्टरांनी सांगितले की, रोग त्यालाही आहे, आणि चांगलाच बळावलेला आहे. त्यांनी एक लहानसे यंत्र दिले. त्याचा मुखवटा नाकावर बांधायचा, यंत्र हलक्या दाबाने हवा देत राहते आणि घशाची वाट मिटू देत नाही. वजन उतरवायला सांगितले.

पहिले काही दिवस मुखवट्याने तो हैराण झाला. नाक खाजे, पट्टा काचे, रात्री अर्धवट झोपेत तो काढून फेकून देई, आणि त्याची बायको पुन्हा बांधी. मग एके दिवशी सकाळी त्याला जाग आली तेव्हा खिडकीतून ऊन आले होते. डोके हलके होते. तोंड ओलसर होते. अंगात अशी ताजी हुशारी होती की, ही काय चीज आहे हे त्याला क्षणभर उमगेना. विशीत कधीतरी शेवटची अनुभवलेली ती गोष्ट होती, रात्रीची झोप!

तो स्वयंपाकघरात आला. धाकट्याची बायको चहा गाळत होती.

"आज डोकं दुखत नाही," तो म्हणाला. दाराची चौकट धरून तो तिथेच खाली बसला. "अगं, अशी असते सकाळ. माणसाला अशी सकाळ होते. त्याला ही एकदासुद्धा नाही मिळाली. माझ्याऐवजी ही त्याला मिळायची होती गं. त्याला एकदा तरी असं उठायला मिळायला हवं होतं."

तिने चहाचा कप त्याच्यासमोर जमिनीवर ठेवला आणि तीही समोर बसली. चहा निवून गेला.

दुकान पुन्हा उघडले आहे. हॉटेलचे काम थोरल्याने परत केले. आता एखादी बाई येऊन म्हणाली, "आमचे हे फार घोरतात हो, चांगली मऊ गादी दाखवा," तर तो गादी दाखवीत नाही. खुर्ची देतो आणि विचारतो, "मध्येच थांबतात का? सकाळी डोकं दुखतं का?" पुष्कळ गिऱ्हाइके रागावून जातात. काही हसतात. तो कोणाच्या हसण्यावर रागावत नाही. काही मात्र डॉक्टरांकडे जातात, आणि त्यांतले काहीजण महिन्या-दोन महिन्यांनी केवळ नमस्कार करायला परत येतात. पुतणीला त्याने सारे स्वतः सांगितले. तिने काय उत्तर दिले हे त्या दोघांतच राहिले आहे, आणि ते विचारण्याचा अधिकार आपणांस नाही.

सज्जनहो, या कथेचे तात्पर्य उघड आहे, तरी लिहून ठेवतो. घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे, आणि प्रत्येक घोरणारा आजारी असतो असेही नव्हे. परंतु ज्याचे घोरणे मध्येच तुटते, जो आचका देऊन श्वास घेतो, सकाळी जड डोक्याने उठतो, दिवसा बसल्या जागी पेंगतो, विसरतो, विनाकारण चिडतो, त्याला आळशी म्हणू नका, भाग्यवान तर मुळीच म्हणू नका. त्याला डॉक्टरांकडे न्या. हा रोग स्थूल पुरुषांनाच होतो असाही समज नको. तो बायकांना होतो, सडपातळ माणसांना होतो, टॉन्सिल वाढलेल्या लहान मुलांनाही होतो. आणि मुख्य म्हणजे, ज्याला हा रोग आहे त्याला स्वतःला तो ऐकू येत नाही. तो शेजारी झोपणाऱ्याला ऐकू येतो. म्हणून आपल्या माणसाचा श्वास ऐकणे हे आपले काम आहे. ते ऐकावे, आणि ऐकल्यावर हसू नये.

माझ्यासारख्या अल्पशिक्षिताचे हे लेखन आपण शेवटपर्यंत वाचले, याबद्दल मी आपला मनःपूर्वक ऋणी आहे. भाषेत काही उणे राहिले असल्यास क्षमा असावी. सांगण्यात उणे राहू नये एवढाच माझा प्रयत्न होता.

आपला विनम्र,
पाटीवाले रंगारीकाका